बर्फाचे केस महाबळेश्वरचे नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडली की महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि तिच्या जोडीला हल्ली एक फोटो हमखास फिरतो: वाळक्या फांदीवर पांढरेशुभ्र, विंचरल्यासारखे केस. आपल्या अंकातही बातमीशेजारी तोच छापला गेला, म्हणून हे पत्र.

वेण्णा तलाव, लिंगमळा भागात गोठतं ते हवेतलं बाष्प. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतं आणि हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो, त्यामुळे पारा पाच अंशांवर दिसत असतानाही खाली शून्य गाठलेलं असतं. आधी दव पडून मग गोठलं तर काचेसारखे गोल मणी दिसतात. बाष्पाचा थेट बर्फ झाला तर पिसांसारखे स्फटिक.

केसांचं पाणी मात्र लाकडातून येतं. झाडाची साल गळालेली, ओलसर मृत फांदी, शून्याच्या किंचित खाली तापमान आणि लाकडात एक्सिडिऑप्सिस इफ्यूजा ही बुरशी, एवढं जुळलं तरच ते उगवतात; प्रामुख्याने ४५ ते ५५ उत्तर अक्षांशांतल्या पानझडी जंगलांत. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी. बुरशीचा संशय आल्फ्रेड वेगेनर (खंड सरकतात हा सिद्धांत मांडणारे शास्त्रज्ञ) यांनी १९१८ मध्येच मांडला होता, पडताळा २०१५ मध्ये मिळाला. बुरशी मारलेल्या लाकडावरही बर्फ तेवढाच येतो, पण केसांऐवजी नुसती खपली धरते. केस तासन्‌तास टिकतात ते बुरशीने कुजवलेल्या लाकडातल्या द्रव्यांमुळे. ती बारीक स्फटिकांना एकमेकांत मिसळून जाड होऊ देत नाहीत.

सोलापुरात यातलं काही दिसायचं नाही. आपल्याकडे थंडी पडते ती हुरड्यापुरती. पण आतून ढकललेल्या पाण्याचा बर्फ कसा वाढतो ते घरच्या फ्रीजमध्ये पाहता येतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा (ॲसिड नव्हे, बाटली नीट वाचून घ्या). प्लास्टिकचा ट्रे त्याच पाण्याने दोनदा विसळा, खण जवळजवळ काठोकाठ भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. उणे सात अंशांच्या आसपास उत्तम जमतं, म्हणून फ्रीझर सर्वांत कमी थंडाव्यावर ठेवायचा. आत पंखा असलेला फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर फारच बरं, कारण वरचा थर आधी गोठायला हवा. तो कडेकडून मध्याकडे गोठत येतो आणि एक बारीक भोक उरतं. खालचं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, उरलेलं पाणी त्या भोकातून वर चढतं, काठावर गोठतं आणि नळी उंच होत जाते. टोक बंद झालं की वाढ संपली. अशा रीतीने दोन-चार सेंटिमीटरचे तिरपे सुळके उभे राहतात.

बोअरच्या पाण्याने हे सहसा होणार नाही आणि नळाच्याही नाही. क्षारांचा थोडा अंशसुद्धा सुळक्याला मारक ठरतो. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. धातूचा ट्रे घेतला तर खालून-बाजूनेही झपाट्याने गोठतं. दार सारखं उघडून पाहिलं तरी बिघडतं. सगळं बरोबर करूनही प्रत्येक खणात सुळका येत नाही, म्हणून दोन ट्रे लावावेत. बॅटरीचं पाणी पिण्यासाठी नसतं, म्हणून हा बर्फ सरबतात घालू नये.

पुढच्या वेळी बातमीशेजारी गवतावरच्या मण्यांचा जवळून काढलेला फोटो छापावा, ही विनंती.

कळावे,
भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक, सोलापूर