पहिली फाटकी ब्लिनी स्वतः खाणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

मास्लेनित्साचा, म्हणजे ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाला लागून येणाऱ्या रशियन सणाचा, आठवडा संपत आला. उद्या रविवारी गवताची बाहुली जाळतील आणि सोमवारपासून तुमच्या सासरी दूध, लोणी, अंडी थेट ईस्टरपर्यंत बंद. त्याआधी तुमचे आभार मानायचेत, तेही चारचौघांत.

मॉस्कोत नव्याने आलेल्यांनी ब्लिनीबद्दल, म्हणजे इथल्या मैद्याच्या पातळ धिरड्यांबद्दल, विचारलं की बाकीचे आपले लोक ‘घावनच ते, त्यात काय शिकायचं?’ म्हणून वाटेला लावतात. ज्यांना पाककृती माहीत असते ते ‘दूध अंदाजाने’ म्हणून मोकळे होतात. अहो, घावन तांदळाचं. पीठ कालवलं की लगेच तव्यावर घालता येतं. मैद्याला चिकटपणा असतो, त्याला विसावा द्यावाच लागतो, नाहीतर ब्लिनी वातड होते. एवढं एक वाक्य कुणी सांगू नये?

तुम्ही मात्र वजनकाटाच पुढे ठेवलात. २०० ग्रॅम मैदा, ५०० मिली दूध, ३ अंडी, १ मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल. दूध आणि अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढायची. अंडी, साखर, मीठ आणि तिसरा हिस्सा दूध एकत्र करून त्यात सगळा मैदा. घट्ट असतानाच गुठळ्या मोडतात. सगळं दूध एकदम ओतलं की त्या तरंगत राहतात आणि मग गाळणी शोधावी लागते. उरलेलं दूध नंतर, अर्धा तास झाकण, आणि तेल अगदी शेवटी. साखर वाढवली की ब्लिनी तव्याला धरते आणि करपते, हेही तुम्ही आधीच बजावलंत.

तव्याला तेल लावायला अर्धा बटाटा काट्याला टोचून, तेलात बुडवून फिरवायचा. एरवी इथे डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवतात, पण या आठवड्यात मांस वर्ज्य, म्हणून तुमच्याकडे बटाटाच. आपल्याकडे कांदा फिरवतात तसाच. तेलाचा थेंब साचला तर तिथे पीठ पसरत नाही, भोक पडतं.

२४ सेंटिमीटरच्या तव्याला ६० मिली पीठ, ओतता ओतता तवा फिरवायचा. कड तपकिरी होऊन सुटली की उलटायची, त्याआधी हात लावायचा नाही. दुसरी बाजू अर्ध्या मिनिटात होते. उतरवली की लगेच लोणी, वर दुसरी, वर झाकण; कडा मऊ राहतात.

पण काकू, मनात राहिलंय ते वेगळंच. पहिली ब्लिनी फाटते, तिचा गोळा होतो. रशियात त्याची म्हणच आहे, कारण तवा तोवर सगळीकडे सारखा तापलेला नसतो. शिकणाऱ्याचा चेहरा पडायच्या आत तुम्ही तो गोळा उलथन्याने उचलून स्वतःच्या ताटलीत घेता, खाता आणि म्हणता, “मीठ बरोबर आहे. पीठ जरा दाट आहे, दोन चमचे दूध घाल.” मग पहिली अख्खी, जाळीदार ब्लिनी, आंबट साय घालून, तिच्या किंवा त्याच्या हातात. कालथा कधी हिसकावून घेतला नाहीत, ‘सरक, मी करते’ म्हणाला नाहीत. परक्या देशात, परक्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या पोरांना याने काय धीर येतो, ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्हाला ते सहज जमतं. हातचं न राखता शिकवणारी माणसं फार थोडी असतात काकू, आणि चूक स्वतःच्या ताटात घेणारी तर त्याहून थोडी.

आता खमिराच्या ब्लिनी राहिल्यात. कुट्टूचं (बकव्हीटचं) पीठ आणून ठेवलंय. त्यात निम्मा मैदा घालायचा की तिसरा हिस्सा, आणि पीठ एकदा फुगू द्यायचं की दोनदा, तेवढं कळवा.

तुमच्या स्वयंपाकघरात शिकलेली,
तुमचीच मुलं