मनोऱ्याच्या ओघळलेल्या रेषा

प्रिय सुधा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत ठीक. बाजारपेठेचं चित्र रंगवलेल्या तुझ्या मातीच्या बरण्यांचे फोटो पाहिले आणि लिहायलाच बसले.

झाडं तपकिरी झाली त्यात भट्टीचा दोष नाही. तुझ्या हिरव्या रंगात क्रोम हा धातू आहे, आणि झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, जस्त असणार. दोन्ही एकत्र भाजले की हिरवा मरतो. बिनजस्ताची पारदर्शक झिलई घे. कथलाची पांढरी झिलई दिलेलं भांडं मात्र या हिरव्याजवळ ठेवू नकोस, क्रोमच्या वाफेने ते गुलाबी होतं.

काळजी वाटते ती घड्याळाच्या मनोऱ्याची. त्याच्या निळ्या रेषा खाली ओघळल्यात. निळा रंग देणारं नुसतं कोबाल्ट ऑक्साइड झिलईत विरघळतं, आणि थर जाड असला की वितळलेली झिलई उभ्या भिंतीवरून रेषेला सोबत घेऊनच उतरते. तयार अंडरग्लेझ, म्हणजे झिलईखाली द्यायचे रंग वापर. झिलई वाळली की सुई टोचून बघ. एक मिलिमीटरपेक्षा जाड नको, बुडाकडे तर आणखी पातळ. रंगही तीन पातळ हातांत दे. तुझ्या छपरावर तो जाड बसलाय, म्हणून तिथली झिलई मागे सरली आणि कडेला उघडा डाग राहिला. बोटांच्या तेलानेही तसंच होतं. बिस्किट भाजणी, म्हणजे झिलईआधीची पहिली भाजणी, झाली की ओल्या स्पंजने पूस आणि वाळू दे, मगच कुंचला.

शिवाय मनोरा फुगीर पोटावर काढलास, म्हणून त्याचंही पोट सुटलंय! तिथे पूल नाहीतर मंडईच्या कमानी शोभतील. मनोऱ्याला सरळ भिंतीचं भांडं हवं. पोटावर खाका, म्हणजे चित्राच्या रेषांचा कागद, लावताना कागदाच्या उभ्या पट्ट्या काप, अखंड कागदाला चुण्या पडतात. रेषांवर सुईने भोकं पाड, कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी वरून थोपट. ठिपके भट्टीत जळून जातात.

खिडक्यांवरून आपलं जुनं भांडण आहेच. तुला प्रत्येक गज हवा, मी म्हणते सावली पुरे. पण गज काढायचेच तर कुंचल्याने नको. गडद चौकोन रंगव, आणि वाळला की सुईने खरवड. पांढरी रेघ बारीक येते. भुकटी मऊ कुंचल्याने झाड, राहिली तर झिलईखाली ठिपके दिसतात.

आईंचा गुडघा कसा आहे? नव्या घरात सामान लागलं का? पुढच्या भट्टीत बरणीआधी तोच रंग आणि तीच झिलई लावलेला एक तुकडा उभा ठेवून भाज. आडवा ठेवलास तर ओघळ कळणार नाही.

तुझी,
मीरा