बसऱ्याला गेलेल्यांची नावे हवी आहेत

समस्त ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

देवळाच्या ओट्याला बसवलेला इंग्रज सरकारचा दगड आपण लहानपणापासून पाहतो. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले, एवढेच त्यावर आहे. नाव एकाचेही नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तीच गत: अधिकारी नावानिशी, आपले शिपाई मात्र पलटणवार नुसत्या आकड्यांत.

इराकमध्ये तुर्कांशी लढणाऱ्या इंग्रज फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला या डिव्हिजनने तुर्कांची पहिली फळी मोडली. पण चार हजारांवर माणसे मेली वा जायबंदी झाली, आणि मागे फिरावे लागले. ७ डिसेंबरला नदीकाठच्या कूत गावात या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला, तो जवळपास पाच महिने. विमानातून टाकलेल्या अन्नाच्या पोत्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली. घोड्याचे मांस पुढ्यात आले तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. गावी गेल्यावर भाऊबंद पंगतीला घेतील का, ही धास्ती. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले.

पुढे समारा, तिक्रित, मोसूल करत कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत सीरियातल्या रास-अल-ऐनला नेले आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो वाटेत आणि छावण्यांत गेले. टाउनशेंडसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्यांचा कुत्रासुद्धा सुखरूप परत पाठवला गेला.

कूतच्या या शिपायांतले काही आपल्या गावचे होते. परत आलेले फारसे बोलले नाहीत. न आलेल्यांच्या घरी कुंकू ठेवायचे की पुसायचे हेच कित्येक वर्षे ठरेना, असे जुनी माणसे सांगत.

गावातील माजी सैनिकांनी ग्रामपंचायतीच्या संमतीने जुन्या दगडाशेजारी नावांचा दगड बसवायचे ठरवले आहे. त्यासाठी आधी नावे हवीत. ट्रंका, माळे, देवघरे चाळा. पदक सापडले तर त्याची कड नीट पाहा: नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा तिथेच कोरलेली असते. सिंह आणि हाती त्रिशूळ धरलेली बाई असलेली मोठी काशाची चकती असेल, तर ती कामी आलेल्याची. तिच्यावर नाव आहे. घासूपुसू नका. वस्तू आम्हाला देऊ नका, फोटो तेवढा काढू द्या. जुनी पत्रे बहुधा मोडीत निघतील, म्हणून मोडी वाचणारे कोणी ओळखीत असेल तर जरूर कळवा.

दगड, कोरणावळ आणि चौथऱ्यासाठी पैसेही लागतील. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. वाळू, सिमेंट, ट्रॅक्टरची एखादी खेप किंवा दोन दिवसांचे अंगमेहनतीचे काम तितकेच मोलाचे. जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागेल. देणगीदारांची नावे दगडावर येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही देवळात बसतो. कोरण्याआधी कच्ची यादी चावडीवर लावू. बापाचे नाव, वाडी, पलटण तपासून घ्या आणि चूक असेल तर तिथेच पेन्सिलीने दुरुस्त करा.