प्रश्नानंतर थोडे थांबा

संपादक महोदय,

लहान मुलांना बोलते करण्याविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. मुलांना दिवसभर भरपूर प्रश्न विचारा, हा त्यातील सल्ला मात्र अपुरा वाटतो. प्रश्न कमी पडत नाहीत. कमी पडते ती उत्तराची सवड. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि, मला हे अधिक मोलाचे वाटते, मुले स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. (घरी तर आपण उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतो!)

शिवाय ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्न मुलांना आधी उमगतात. ‘का’, ‘कसे’, ‘केव्हा’ बरेच नंतर. त्यामुळे ‘का रडतोस?’ यावर अडीच-तीन वर्षांचे मूल गप्प राहिले, तर तो हट्ट समजू नये. ‘कुठे लागलं?’ असे विचारून थांबावे. त्याने नुसते बोट दाखवले तरी ते उत्तरच. ‘गुडघ्याला लागलं’ हे शब्द आपण पुरवावेत.

– एक वाचक