जुन्या गाडीची पन्हळ पुट्टीने बुजवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तरी खासगी पद्मिनी जिवापाड जपणारी घरे आजही आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी.

या गाडीच्या छताच्या कडेने, दारांच्या वरून, एक अरुंद पन्हळ जाते. छताचा आणि बाजूचा पत्रा तिथेच एकमेकांना जोडलेला असून सांध्यावर सीलंट भरलेले असते. ते वाळून तडकले की पावसाचे पाणी सांध्यात मुरते आणि रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो. आमच्या गाडीला एका गॅरेजने गंजावरच पुट्टी थापली; दुसऱ्याच पावसाळ्यात तिचे पोपडे निघाले आणि खाली बोटाच्या पेराएवढे भोक सापडले.

जुने सीलंट पूर्ण खरवडून, कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा थोडाथोडा, थांबत थांबत वेल्ड करावा, कारण सलग आचेने छताचा पत्रा वाकतो. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीलंट आणि शेवटी रंग, हा क्रम बदलू नये. यासाठी चार दिवस जास्त मागणाऱ्या कारागिराला ते आनंदाने द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे