आठ पराभव, वीस बचाव आणि बर्नार्ड हॉपकिन्स

प्रति,
संपादक महोदय,

विषय : मुष्टियोद्धा बर्नार्ड हॉपकिन्सच्या कारकिर्दीचे मूल्यमापन

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर उतारवयातही रिंगणात उतरणाऱ्या मुष्टियोद्ध्यांविषयीचा लेख वाचला. मॅनी पॅकियावने वयाच्या ४६ व्या वर्षी मारिओ बॅरिओसला बरोबरीत रोखले, त्या निमित्ताने लेखकाने जुन्या मंडळींची उजळणी केली, हे चांगलेच झाले. मात्र फिलाडेल्फियाच्या बर्नार्ड हॉपकिन्सला त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढले, ते पटले नाही. आठ वेळा हरलेल्याला चिवट म्हणता येईल, महान नव्हे, असा त्यांचा एकंदर आशय होता. आणि शेजारच्या चौकटीत फ्लॉइड मेवेदरचे ५० पैकी ५० विजय ठळक अक्षरांत छापलेले होते. मी तीस वर्षे शाळेत खेळ शिकवला आणि त्यातली बरीच वर्षे जिल्हा पातळीवरच्या मुष्टियुद्ध स्पर्धांत रिंगणाशेजारी बसून गुण देण्याचे काम केले. त्यामुळे आकड्यांचा मला तिटकारा नाही. लेखकाने आकडे अर्धवट वाचले, एवढीच माझी तक्रार आहे. मेवेदरचा पन्नासावा विजय ज्याच्यावर नोंदला गेला, त्या कॉनर मॅकग्रेगरने त्यापूर्वी व्यावसायिक मुष्टियुद्धाची एकही लढत खेळलेली नव्हती, हे त्या चौकटीत कुठेच दिसत नाही.

आधी सरळ हिशेब मांडतो. हॉपकिन्सच्या नावावर ६७ व्यावसायिक लढती आहेत. त्यांत ५५ विजय, ८ पराभव, २ बरोबऱ्या आणि २ निकालाविना रद्द झालेल्या लढती. आता हे आठ पराभव तारखेनिशी पाहावेत. पहिला ऑक्टोबर १९८८ मधला, अटलांटिक सिटीतल्या चार फेऱ्यांच्या पदार्पणाच्या लढतीतला. ग्रेटरफोर्डच्या तुरुंगात जवळपास पाच वर्षे काढून नुकताच बाहेर आलेला हा तरुण त्या दिवशी लाइट हेवीवेटमध्ये, म्हणजे पुढे ज्या गटात तो नावारूपाला आला त्याहून बऱ्याच वरच्या वजनात उभा होता. दुसरा मे १९९३ मधला, रॉय जोन्सविरुद्धचा, आणि त्या काळच्या जोन्सकडून गुणांवर हरण्यात कोणालाच कमीपणा नव्हता. त्यानंतर बारा वर्षे हा माणूस हरलाच नाही. उरलेले सहाच्या सहा पराभव त्याने चाळिशी ओलांडल्यानंतरचे आहेत. त्याचा जन्म १५ जानेवारी १९६५ चा. चाळिसाव्या वाढदिवशी त्याने हातमोजे खुंटीला टांगले असते, तर खात्यात दोनच पराभव राहिले असते आणि आपल्या लेखकांनी त्याला बहुधा विनातक्रार महान म्हटले असते. माझे मत नेमके उलट आहे. त्या दिवशी तो थांबला असता, तर मीच त्याला महान म्हणताना अडखळलो असतो.

मी सांगलीचा. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात अमुक पैलवानाने किती कुस्त्या मारल्या हे विचारण्याआधी जोड कशी लागली होती हे विचारतात. समोरचा वजनाने कसा होता, उमेदीत होता की उतरणीला लागला होता, आणि मैदान कोणाच्या गावचे होते. हीच विचारणा हॉपकिन्सच्या ज्या पराक्रमाचा सर्वाधिक गाजावाजा होतो त्याला, म्हणजे मिडलवेट (१६० पौंडांपर्यंतच्या गटातल्या) जेतेपदाच्या वीस बचावांना, लावली की चित्र जरा वेगळे दिसू लागते, आणि त्याच्या चाहत्यांना ते आवडणारे नाही.

हे जेतेपद त्याने एप्रिल १९९५ मध्ये सेगुंदो मेर्कादोला हरवून मिळवले. त्याच्या चार महिने आधी मेर्कादोच्याच देशात, इक्वाडोरमध्ये, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंचावरच्या कीटो शहरात, दोनदा खाली पडूनही त्याने लढत बरोबरीत सोडवली होती. पुढे जानेवारी १९९६ ते फेब्रुवारी २००५ या काळात त्याने वीस वेळा जेतेपद राखले आणि सत्तरच्या दशकातल्या अर्जेंटिनाच्या कार्लोस मॉन्झॉनचा चौदा बचावांचा विक्रम मागे टाकला. पण यादी उघडून पाहा. यातली आठवी लढत, ऑगस्ट १९९८ मधली रॉबर्ट ॲलनविरुद्धची, मुळात विजयच नाही. दोघांची मिठी सोडवताना रेफरी मिल्स लेन यांचा धक्का लागून हॉपकिन्स दोरांमधून रिंगणाबाहेर पडला, त्याचा घोटा दुखावला आणि लढत रद्द झाली. जेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच राहिला म्हणून ती बचावांत मोजली जाते. नियमाने ते योग्यच आहे, पण आपल्या चौकटीत 'सलग वीस विजय' असे जे छापले आहे ते चूक आहे. याच ॲलनशी तो पुढे आणखी दोनदा लढला आणि अँटवन एकोल्सशीही दोनदा, म्हणजे विसांपैकी पाच लढती दोनच माणसांशी झाल्या. २००३ मधला फ्रेंच आव्हानवीर मोराद हक्कार तर लढण्यापेक्षा रिंगणात पळतच अधिक होता. अर्थात याच यादीत ग्लेन जॉन्सनही आहे. १९९७ मध्ये तो ३२ लढतींत अपराजित म्हणून आला आणि अकराव्या फेरीत थांबवला गेला. सात वर्षांनंतर त्याच जॉन्सनने एका वर्षात रॉय जोन्सला नॉकआउट केले आणि अँटोनिओ टार्व्हरलाही हरवले. म्हणजे ती जोड त्या दिवशी वाटली होती त्याहून भारी होती, हे उशिरा कळले.

बचावांच्या या काळातले दोन गाजलेले विजय म्हणजे फेलिक्स त्रिनिदाद आणि ऑस्कर डी ला होया. या दोन्हींविषयी आक्षेप एकच आहे, की दोघेही खालच्या वजनातून वर आलेले होते. तो डी ला होयाच्या बाबतीत मला मान्य आहे. सप्टेंबर २००४ मध्ये डाव्या हाताचा एक ठोसा यकृतावर बसला आणि नवव्या फेरीत तो गुडघ्यांवर बसून चटईवर हात आपटत राहिला. ठोसा सुरेख होता, परंतु जोड बरोबरीची नव्हती. त्रिनिदादचे तसे नाही. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर दोन आठवडे पुढे ढकललेली ही लढत २९ सप्टेंबर २००१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली, तेव्हा त्रिनिदाद २८ वर्षांचा, ४० लढतींत अपराजित होता आणि चार महिन्यांपूर्वी मिडलवेटमध्येच विल्यम जॉपीला त्याने पाच फेऱ्यांत झोपवले होते. बहुतेक जाणकारांनी पैजही त्याच्याच बाजूने लावली होती. त्या रात्री ३६ वर्षांच्या हॉपकिन्सने घाई अशी केलीच नाही. त्रिनिदादचा डावा हूक निघण्याआधी अर्धे पाऊल बाजूला सरकायचे, सरळ उजवा ठेवून द्यायचा आणि पुन्हा अंतर राखायचे, हे त्याने अकरा फेऱ्या इतक्या शांतपणे केले, की बाराव्या फेरीत त्रिनिदाद पडला आणि त्याचे वडील लढत थांबवण्यासाठी रिंगणात आले, तेव्हा आश्चर्य उरले नव्हते. तीन प्रमुख संघटनांचे मिडलवेट पट्टे ऐंशीच्या दशकातल्या मार्विन हॅगलरनंतर प्रथमच एका कमरेला बांधले गेले.

एवढ्यावर मी त्याला उत्तम जगज्जेता म्हटले असते. महान म्हणण्याचे कारण त्याच्या चाळिशीनंतर सुरू होते, म्हणजे ज्या पानांवर लेखकांना फक्त पराभव दिसले तिथेच. जुलै २००५ मध्ये जर्मेन टेलरने त्याचा पट्टा घेतला, पण दोन विरुद्ध एक अशा पंचांच्या निकालाने. टेलरच्या बाजूने कौल देणाऱ्या पंचांपैकी एकाने शेवटची फेरी हॉपकिन्सला दिली असती, तर बरोबरी होऊन जेतेपद जागेवरच राहिले असते. डिसेंबरमध्ये पुन्हा गुणांवर हरल्यावर कोणीही शहाणा माणूस घरी बसला असता. हा दोन गट ओलांडून थेट १७५ पौंडांत, म्हणजे लाइट हेवीवेटमध्ये गेला आणि जून २००६ मध्ये ज्याने जोन्सला दुसऱ्या फेरीत आडवे केले होते त्या टार्व्हरला बारा फेऱ्या अक्षरशः शिकवणी दिली. टार्व्हरने एका चित्रपटासाठी वजन वाढवून ते घाईने उतरवले होते, हे मला ठाऊक आहे. तेवढी वजावट करूनही तिन्ही पंचांनी दिलेले ११८-१०९ हे गुण (फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ, अशी बारा फेऱ्यांची बेरीज) पुसता येत नाहीत.

दोन वर्षांनी मिडलवेटचा जगज्जेता केली पाव्हलिक समोर आला. वय २६, लढती ३४, विजय ३४, आणि ज्या टेलरने हॉपकिन्सला दोनदा हरवले होते त्याला यानेही दोनदा हरवलेले. हॉपकिन्स ४३ वर्षांचा होता. लढत १७० पौंडांच्या ठरीव वजनावर झाली, म्हणजे वर चढण्याचा त्रास पाव्हलिकला झाला असे म्हणता येईल. पण एका पंचाच्या कागदावर ११९-१०६ असा फरक केवळ दहा पौंडांमुळे पडत नाही. त्यानंतर २०१० मध्ये जोन्सवर घेतलेला सूड मी हिशेबात धरत नाही, कारण तोवर जोन्स संपलेला होता आणि लढत बघवत नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या क्युबेक शहरात जाँ पास्कालने स्वतःच्या प्रेक्षकांसमोर हॉपकिन्सला पहिल्या तीन फेऱ्यांत दोनदा खाली पाडले आणि तरीही लढत बरोबरीत सुटली. पाच महिन्यांनी माँट्रियलमध्ये, पुन्हा पास्कालच्याच मुलखात, सातव्या फेरीची घंटा व्हायच्या आधी हॉपकिन्स कोपऱ्यातून बाहेर आला आणि रिंगणातच त्याने जोर मारून दाखवले. मला असला थिल्लरपणा आवडत नाही, परंतु २८ वर्षांचा जेता समोर धापा टाकत असताना ४६ वर्षांच्या माणसाने केलेले ते जोर विसरता येत नाहीत. त्या रात्री तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवले आणि जॉर्ज फोरमनचा सर्वांत वयस्क जगज्जेत्याचा विक्रम मोडला. पुढे ४८ व्या वर्षी अपराजित टॅव्होरिस क्लाउडला आणि ४९ व्या वर्षी बेइबुत शुमेनोव्हला हरवून त्याने तो आणखी लांबवला. मग सर्गेई कोव्हालेव्हने पहिल्याच फेरीत पाडून पुढच्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या, तरी तो बाराव्या फेरीअखेर दोन्ही पायांवर उभा होता. डिसेंबर २०१६ मध्ये ५१ व्या वर्षी अमेरिकेच्याच जो स्मिथने त्याला दोरांबाहेर फेकले, तो त्याच्या आयुष्यातला एकमेव मुदतीपूर्वीचा पराभव. ती लढत त्याने खेळायला नको होती, आणि मी ती त्याच्या खात्यावर लिहीतही नाही.

त्याच्या विरोधात खरोखर काही लिहायचे असेल, तर त्याची पद्धत लिहावी. मिठ्या मारणे, डोके पुढे घालणे, मिठीत असताना कमरेखाली हात चालवणे आणि स्वतःला तसा फटका बसला की तो मोठा करून दाखवणे, हे सारे त्याने अनेकदा केले आणि अनेक लढती त्यामुळे कंटाळवाण्या झाल्या. कंटाळा हा पंचाच्या कागदावर येत नाही. पण नियमभंग यायला हवा होता आणि काही वेळा तो आला नाही, हे मी गुण देणारा म्हणून मान्य करतो. निव्वळ मिडलवेटचा विचार केला, तर मॉन्झॉन आणि हॅगलर या दोघांना मी त्याच्या वर ठेवतो. लहान चणीच्या प्रतिस्पर्ध्यांचा आक्षेप मात्र मग त्यांनाही लावावा लागेल, कारण मॉन्झॉनने हरवलेला होसे नापोलेस वेल्टरवेटचा आणि हॅगलरसमोर आलेला रोबेर्तो दुरान मुळात लाइटवेटचा होता. सर्व वजनी गट मिळून आणि वयाचा विचार करून यादी केली, तर हॉपकिन्सला महानांच्या पंक्तीतून उठवता येईल असे मला वाटत नाही.

एकाच लढतीबाबत माझे अजून ठरत नाही. एप्रिल २००८ मध्ये वेल्सच्या जो कॅल्झागीला हॉपकिन्सने पहिल्याच फेरीत खाली पाडले होते आणि तरी दोन विरुद्ध एक अशा निकालाने तो हरला. या लढतीचे चित्रीकरण मी आवाज बंद करून, कागद-पेन्सिल घेऊन दोनदा पाहिले. पहिल्यांदा माझ्या कागदावर हॉपकिन्स एका गुणाने जिंकला आणि दुसऱ्यांदा कॅल्झागी दोन गुणांनी. आपल्या लेखकांनीही ती एकदा आवाज बंद करून पाहावी आणि त्यांचे गुण कळवावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली