लाइपझिगहून इंदूरला

प्रिय आई-बाबांस,
प्रभूमध्ये सलाम.

तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे भरपूर आहेत. फोनवर रविवारच्या प्रार्थनेचा विषय काढला की बाबा हवापाण्यावर येतात, म्हणून हे पत्र. वाचून झालं की नगरला आत्यांकडे पाठवा.

दादाने मला सगळं सांगितलं. प्रार्थना चालू असताना कोणी तरी घरात शिरून व्हिडिओ काढला, मग घरमालक ‘आता इथे नको’ म्हणाले. आणि मला मात्र तुम्ही सांगितलंत की आईचा गुडघा दुखतो म्हणून सभा बंद आहे! रागावले नाही मी, पण त्या रात्री झोप लागली नाही.

बाबा, मध्य प्रदेशचा 2021 चा कायदा मी वाचला. धर्म बदलायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना 60 दिवस आधी कळवायचं, असं त्यात आहे. तुमच्या सभेत धर्म बदलत होतं कोण? सगळी आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती असलेली आपलीच माणसं. स्वतःच्या घरात गीत गायला परवानगी लागते असं त्यात कुठेही नाही. पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका, पाळकसाहेबांना आणि वकिलांना बरोबर घ्या.

आता आईची काळजी. मी चर्चची मंडळी सोडलेली नाही. रविवारी ड्यूटी असली तर संध्याकाळच्या उपासनेला जाते. आणि पुरावाच हवा असेल तर माझी पगाराची पावती बघ, त्यात चर्चचा कर कापलेला असतो! जर्मनीतली ही पद्धत मला अजून अजब वाटते. नवीन गावात राहायला आलं की तिथल्या पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तिथे इव्हँजेलिकल किंवा कॅथलिक लिहिलं की ते कर खात्याकडे जातं, आणि आयकर जेवढा बसतो त्याच्या 9 टक्के वर आणखी कापून सरकार चर्चला देतं. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 8 टक्के. पगाराच्या नव्हे हं, कराच्या 9 टक्के, म्हणजे बाबांनी हिशोब करून घाबरू नये. ज्यांना द्यायचा नसतो ते सरकारी कचेरीत जाऊन मंडळीतून नाव काढल्याचं लेखी देतात. बरोबरच्या नर्सेसनी मला सांगितलं होतं, तो रकाना कोरा सोड, पैसे वाचतील.

मी नाही सोडला. बाबांनी कधी सोडला होता? अनुसूचित जातींच्या सवलती 1950 च्या आदेशाने हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. काकांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, आमच्या फीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. शाळेच्या फॉर्मवर दुसरं काही लिहा असं सुचवणारे घरातलेच होते. बाबांनी दरवेळी ‘ख्रिस्ती’ असंच लिहिलं. त्यापुढे माझे हे थोडे युरो काय!

आमच्या गायनवृंदात एक आजी आहेत. साम्यवादी पूर्व जर्मनीच्या काळात चौदाव्या वर्षी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायचा सरकारी समारंभ असे. त्यांनी तो नाकारून चर्चमध्ये दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, घेतलं, तर पुढचं शिक्षण बंद. डॉक्टर व्हायचं होतं त्यांना. 9 ऑक्टोबर 1989 ला इथल्या निकोलाय चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सुमारे 70 हजार माणसं त्या राजवटीविरुद्ध मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरली, त्यात त्या होत्या. त्या आता दर रविवारी इंदूरसाठी प्रार्थना करतात.

दादा फार तापला आहे, त्याला सांभाळा. कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांना 1995 मध्ये इंदूरला येणाऱ्या बसमध्ये मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला राणी मारियांना इंदुरातच धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा आई, आपण प्रोटेस्टंट असूनही तू गेली होतीस. ते दादाला तूच सांग. इथे बसून हे लिहिणं किती सोपं आहे, ते मला कळतं.

या महिन्याचे पैसे जास्त पाठवलेत. घर बदलायचं ठरलं तर डिपॉझिट त्यातूनच द्या, आणि बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. नाताळला येता येणार नाही. लेकुरवाळ्या नर्सेसना आधी सुट्टी मिळते. ईस्टरला मात्र नक्की.

नगरच्या स्थळाला माझा होकार आहे. मुलाशी दोनदा बोलले, समंजस वाटला. फक्त लग्न ‘गाजावाजा नको’ म्हणून नगरला करायचं, हे मला मान्य नाही. ते इंदूरलाच, व्हाइट चर्चमध्ये होईल, आणि पाळकसाहेब आधी तीन रविवार सर्वांसमोर लग्नाची सूचना वाचतील. आत्यांना एवढं कळवा, आणि मुलाकडचे काय म्हणतात ते मला लगेच लिहा.

तुमची लेक